ज्या घरांच्या नावाने युद्ध झालं

२३ सप्टेंबर १८६४ रोजी जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावी जेफरसन डेव्हिस भाषणाला उभे राहिले. अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या अकरा राज्यांच्या संघाचे, म्हणजे कॉन्फेडरसीचे, ते अध्यक्ष. अटलांटा शहर शत्रूच्या हाती जाऊन तीन आठवडे झाले होते आणि तिथून परागंदा झालेल्या कुटुंबांच्या मदतीसाठी ही सभा भरली होती. त्या सभेत डेव्हिस यांनी एक कबुली दिली. आपल्या सैन्यातले दोन-तृतीयांश लोक हजर नाहीत, असं ते म्हणाले. काही आजारी आहेत, काही जखमी आहेत, पण बहुतेकजण विनापरवाना गेले आहेत. त्यातले निम्मे परत आले तरी शत्रूला हरवता येईल, असंही त्यांनी सांगितलं. तरुण मुलींसाठीही त्यांच्याकडे एक सल्ला होता. घरी बसून गब्बर झालेला पुरुष आणि लढाईत हात गमावलेला शिपाई यांच्यात निवड करायची वेळ आली, तर शिपायाला पत्करा.

अध्यक्षच जाहीर सभेत आपलं सैन्य गायब असल्याचं सांगतो, असं इतिहासात फार वेळा घडलेलं नाही. हे सगळे लोक गेले कुठे होते? काही जंगलात लपले होते, काही शत्रूला जाऊन मिळाले होते. पण फार मोठ्या संख्येने ते घरी गेले होते, किंवा घराच्या वाटेवर होते. त्या घरांत काय चाललं होतं हे कळल्याशिवाय या युद्धाचा शेवट कळत नाही. आपण मात्र तो शेवट ९ एप्रिल १८६५ ला, व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्स गावी एका दिवाणखान्यात दोन सेनापतींनी केलेल्या सह्यांमध्ये शोधतो.

यादवी युद्धात घर फार लौकर ओढलं जातं, कारण ज्या बाजूला लोकांकडून जीव मागायचा असतो तिला घराच्या नावानेच तो मागावा लागतो. दक्षिणेत हेच झालं. गुलामगिरी टिकवण्यासाठी हे राज्य उभं राहिलं होतं आणि त्याच्या पुढाऱ्यांनी तसं उघडपणे सांगितलंही होतं. पण त्या अकरा राज्यांतल्या सुमारे सत्तर टक्के गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. डोंगराळ भागात, वालुकामय जमिनीवर मका आणि रताळी पिकवणारी, दोन-चार डुकरं पाळणारी ही माणसं. त्यांना बंदूक उचलायला लावायची तर निराळी भाषा हवी होती, आणि ती भाषा घराची होती. तुमच्या बायका-मुलींच्या रक्षणासाठी चला, असं त्यांना सांगण्यात आलं. तुम्ही सीमेवर असाल तेव्हा तुमच्या घरची काळजी आम्ही घेऊ, असं सधन शेजाऱ्यांनी सभांमधून वचन दिलं. माझ्या मते हा एक करार होता. कागदावर नव्हता, पण त्या बायकांनी तो अक्षरशः खरा मानला होता आणि पुढे त्याच्याच जोरावर त्यांनी राज्याला जाब विचारला.

करार मोडायला सुरुवात सरकारनेच केली. एप्रिल १८६२ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला. आधी १८ ते ३५ वर्षांचे पुरुष, त्याच वर्षी वयाची मर्यादा ४५ वर गेली, आणि फेब्रुवारी १८६४ मध्ये १७ ते ५०. लष्करी वयाच्या गोऱ्या पुरुषांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश माणसं सैन्यात गेली. एवढ्या मोठ्या प्रमाणात शेतातून पुरुष उचलणं अमेरिकेत पूर्वी कधी झालं नव्हतं. पण ऑक्टोबर १८६२ च्या कायद्याने ज्या मळ्यावर वीस किंवा जास्त गुलाम असतील तिथे एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट मिळाली. गुलामांवर देखरेख हवी, हे त्यामागचं कारण. तीन पोरं आणि आठ एकर मका एकटीने सांभाळणाऱ्या बाईच्या घरी अशी सूट नव्हती. श्रीमंतांचं युद्ध आणि गरिबांची लढाई, हे वाक्य दक्षिणेत तोंडोतोंडी झालं ते याच काळात.

आता स्वयंपाकघरात जाऊ. तिथे पहिल्यांदा काय संपलं, तर मीठ. तिकडच्या गरीब घराचं वर्षभराचं जेवण म्हणजे मक्याची भाकरी आणि खारवलेलं डुक्कर. थंडी पडली की डुक्कर कापायचं, मांस मिठात मुरवायचं आणि अंगणातल्या धुरीच्या खोलीत टांगून ठेवायचं. मीठ नसेल तर आठवड्याभरात मांस सडतं आणि डुक्कर असूनही घर उपाशी राहतं. उत्तरेच्या आरमाराने बंदरांची नाकेबंदी केल्यावर मीठ दुर्मीळ झालं. मग बायकांनी धुरीच्या खोलीची जमीन खणायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं टांगलेल्या मांसातून खारं पाणी ठिबकून ती माती खारट झालेली असायची. ती माती पाण्यात कालवायची, गाळायची, ते पाणी आटवायचं आणि तळाशी राहिलेलं मळकट मीठ खरवडून घ्यायचं. कॉफीऐवजी भाजलेली राय, भेंडीचं बी, रताळ्याच्या चकत्या. कॉफीचं एक वेळ हसण्यावारी नेता येतं, मिठाचं नाही.

दुसरी वस्तू म्हणजे कापूस पिंजून त्याचे पेळू करायच्या हातपट्ट्या. लाकडाच्या दोन फळ्या, त्यांवर चामडं आणि चामड्यात बसवलेले बारीक तारेचे दात. हे दात झिजले, तुटले की पट्टी कामातून गेली, आणि नवी पट्टी बाहेरच्या देशातून यायची. जगाला कापूस पुरवणाऱ्या मुलखात कापसाचे ढीग पडून होते आणि पोरांच्या अंगावर कपडा नव्हता, कारण घरात सूत काढायचं साधन मोडलेलं होतं. जॉर्जियाच्या गव्हर्नरने शेवटी या पट्ट्या बनवायचा सरकारी कारखाना काढला, यावरून गरज किती पराकोटीला गेली होती ते कळतं.

याच कापसाची दुसरी कडी आपल्याकडे आहे. नाकेबंदीमुळे लँकेशरच्या गिरण्यांना दक्षिणेचा कापूस मिळेना, तेव्हा खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून निघाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंदांच्या काळातलं शेअरांचं वेड, बॅकबेची भरणी, रातोरात उभ्या राहिलेल्या बँका हे सगळं त्या पुराचं. दक्षिणेचे सेनापती ली शरण आल्याची बातमी आली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला शेअरांचे सौदे पुरे करायची मुदत भरली तेव्हा पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. एका खंडातल्या घरांना ज्या दिवशी शांतता मिळाली, त्याच दिवसापासून दुसऱ्या खंडातल्या घरांचं दिवाळं सुरू झालं. पुढे १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जळल्या, त्या दंग्यांच्या मुळाशीही या तेजी-मंदीने वाढवलेलं कर्ज एक कारण होतं. त्यामुळे अमेरिकेच्या यादवीला आपल्याशी संबंध नसलेली गोष्ट समजण्याचं कारण नाही.

पुन्हा त्या घराकडे. साध्या शिपायाचा पगार महिन्याला ११ डॉलर. जून १८६४ मध्ये तो १८ झाला, पण महिनोन्महिने हातातच पडत नसे. आणि पडला तरी त्याचं करायचं काय? सरकारने नोटा छापून युद्ध चालवलं. युद्ध संपताना किमती सुरुवातीच्या सुमारे नव्वदपट झाल्या होत्या. १८६५ च्या जानेवारीत दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, पिठाचं एक पिंप हजार डॉलरच्या वर गेलं होतं. म्हणजे वाढीव पगारातही शिपायाला साडेचार वर्षांची कमाई एका पिंपाला मोजावी लागली असती. त्यात १८६३ च्या वसंतात दोन कायदे झाले. एकाने लष्कराला लागेल ते धान्य, जनावरं, गाड्या सरकार ठरवेल त्या दराने उचलायचा अधिकार दिला. दुसऱ्याने पिकाचा दहावा हिस्सा करात लावला. नवरा भरतीत गेला, मका कराला गेला आणि खेचर घोडदळाने नेलं. पुढच्या वर्षी नांगर कशाला जुंपायचा, हे सांगायला कोणीच नव्हतं.

या बायकांनी मग काय केलं, हा माझ्या लेखाचा खरा विषय आहे. १८ मार्च १८६३ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या सॉल्सबरी गावी शिपायांच्या बायका कुऱ्हाडी घेऊन व्यापाऱ्यांच्या दारात गेल्या. सरकार ज्या भावाने घेतं त्याच भावाने आम्हाला पीठ द्या, अशी त्यांची मागणी होती. फुकट द्या, असं त्या म्हणाल्या नाहीत. २ एप्रिलला राजधानी रिचमंडमध्ये शेकडो बायका रस्त्यावर आल्या. आदल्या दिवशी त्यांनी एका चर्चमध्ये बैठक घेतली होती. पुढाकार मेरी जॅक्सन नावाच्या, बाजारात माल विकणाऱ्या बाईचा होता. आधी त्या गव्हर्नरकडे गेल्या, तिथे समाधान झालं नाही तेव्हा दुकानं फोडली. डेव्हिस स्वतः तिथे गेले, खिशातले पैसे जमावात टाकले आणि पाच मिनिटांत पांगा नाहीतर शिपाई गोळ्या झाडतील, असं बजावलं.

वर्तमानपत्रांना या बायकांबद्दल काय वाटलं ते अपेक्षितच होतं. चोरट्या, बाजारबसव्या, परक्यांच्या चिथावणीने आलेल्या. पण बैठक आधी ठरवलेली, मागणी आधी ठरवलेली, अधिकाऱ्याकडे आधी अर्ज. याला दंगल म्हणणं म्हणजे त्यामागचा विचार नाकारणं आहे.

आणि दंग्यांहून कितीतरी मोठी गोष्ट पत्रांमध्ये घडत होती. नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर झेब्युलन व्हान्स यांच्याकडे शिपायांच्या बायकांनी हजारो पत्रं लिहिली. शुद्धलेखनाचा पत्ता नाही, कागद दुर्मीळ, काही पत्रं अनेकींनी मिळून लिहिलेली. युद्धापूर्वी या बायकांना राज्यसंस्थेशी काही बोलायचा प्रसंगच येत नसे. मतदान नवऱ्याचं, जमीन नवऱ्याची, कोर्टात उभं राहायचं तर नवऱ्याने. आता नवऱ्यालाच राज्याने नेल्यामुळे राज्याशी थेट व्यवहार त्यांच्याशी आला. पत्रात त्या स्वतःची ओळख देतात ती शिपायाची बायको म्हणून, आणि त्या ओळखीवर हक्क सांगतात. आम्ही माणूस दिला आहे, आता मका द्या. स्टेफनी मॅककरी या इतिहासकार बाईंनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉन्फेडरेट रेकनिंग’ या ग्रंथात दाखवलं आहे की ज्यांना राज्यघटनेत स्थानच नव्हतं अशा या गरीब ग्रामीण बायका युद्धात एक राजकीय शक्ती बनल्या, आणि राज्यांना त्यांच्यासाठी धान्यवाटपाची मोठी यंत्रणा उभी करावी लागली. मला हे म्हणणं पटतं. या बायका दया मागत नव्हत्या, थकबाकी मागत होत्या.

ती थकबाकी राज्याला फेडता आली नाही, तेव्हा त्या नवऱ्यांना लिहू लागल्या. फेब्रुवारी १८६५ मध्ये जनरल रॉबर्ट ली यांनी गव्हर्नर व्हान्सना कळवलं की लोकांमधल्या निराशेचा सैन्यावर वाईट परिणाम होतो आहे आणि पळून जाणाऱ्यांवर घरच्या माणसांच्या सांगण्याचा मोठा प्रभाव आहे. व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गच्या खंदकांत तेव्हा शिपाई अर्धपोटी बसलेले होते, आणि घरचं पत्र सांगत होतं की धाकटं अंथरुणावर आहे, कणगीत दाणा नाही, पेरणी तोंडावर आली आहे. युद्धभरात कॉन्फेडरेट सैन्यातून एक लाखाच्या आसपास माणसं पळून गेली. पकडले गेलेले काहीजण गोळ्या घालून मारले गेले.

पळून जाणं म्हणजे भ्याडपणा, असा लष्करी हिशेब असतो. इथे तो हिशेब मला साफ अपुरा वाटतो. घर वाचवायला चल म्हणून ज्याला नेलं, तो घर बुडताना पाहून परत फिरला तर त्याने वचन पाळलं असंच म्हणावं लागतं. वचन मोडलं ते राज्याने. आणि परत फिरायलाही कमी धैर्य लागत नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या मध्य भागात फरारी शिपायांना शोधायला आलेल्या शिबंदीने बायकांना छळलं. नवऱ्याचा ठावठिकाणा सांगावा म्हणून एकीचे अंगठे लाकडी कुंपणाच्या जड वाशाखाली दाबले गेले. हे प्रकरण गव्हर्नरपर्यंत गेलं म्हणून ते नोंदलं गेलं. स्त्रियांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या राज्याचं हे शेवटचं रूप होतं.

इतिहासकारांमध्ये इथे मतभेद आहेत. ड्रू गिल्पिन फॉस्ट यांनी १९९० मध्ये असं सुचवलं की दक्षिण हरली ती कदाचित तिथल्या बायकांमुळेच. गॅरी गॅलाघर यांना हे मान्य नाही. दक्षिण हरली कारण उत्तरेच्या सैन्यांनी तिला हरवलं, आणि खरं नवल ती एवढी वर्षं टिकली कशी याचं आहे, असं ते म्हणतात. गॅलाघर यांचा मुद्दा खोडून काढणं अवघड आहे. उत्तरेचे सेनापती ग्रँट यांचं सैन्य नसतं तर उपाशी बायकांच्या पत्रांनी रिचमंड पडलं नसतं. पण पराभव आणि शेवट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सैन्य हरल्यावरही लोक डोंगरात जाऊन वर्षानुवर्षं लढल्याची उदाहरणं जगात आहेत. एप्रिल १८६५ मध्ये डेव्हिस यांना असंच लढायचं होतं. लोकांनी साथ दिली नाही. ती साथ दोन वर्षांपूर्वीच मिठाच्या रिकाम्या भांड्याबरोबर संपली होती.

उत्तरेचं सैन्यही या घरांवरून गेलं. जुलै १८६४ मध्ये त्याचे एक सेनापती शर्मन यांच्या हुकमाने जॉर्जियातल्या रॉसवेल गावच्या कापड गिरणीतले सुमारे चारशे कामगार पकडले गेले, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. शत्रूसाठी कापड विणलं, हा गुन्हा. त्यांना रेल्वेत घालून उत्तरेकडे पाठवून दिलं. पोटासाठी माग चालवणाऱ्या बाईला एका सरकारने उपाशी ठेवलं आणि दुसऱ्याने हद्दपार केलं.

इथपर्यंत वाचताना वाचकाच्या मनात या बायकांविषयी कणव दाटली असेल, तर ती रास्तच आहे. पण इथे थांबलो तर आपण अर्धं घर पाहिलं असं होईल. दक्षिणेत १८६० मध्ये सुमारे ३५ लाख माणसं गुलाम होती, म्हणजे दर पाच माणसांत जवळपास दोन. युद्धकाळातल्या घरांविषयी लिहिताना ती नोकरचाकर म्हणून येतात, मळ्यावरचं मनुष्यबळ म्हणून येतात, कधी इमानी म्हणून तर कधी पळपुटी म्हणून. कुटुंब म्हणून येत नाहीत. कायद्याने ती कुटुंबं नव्हतीच. गुलामांचं लग्न कायदा मानत नव्हता. आईच्या कुशीतलं मूल मालकाच्या मालमत्तेच्या यादीत असे. युद्धाआधीच्या सत्तर वर्षांत सुमारे दहा लाख गुलाम समुद्रकाठच्या जुन्या राज्यांतून आतल्या कापूस-मुलखात हलवले, विकले गेले, आणि त्यात किती नवरा-बायको, किती आई-मुलं तुटली याची मोजदाद कोणी ठेवली नाही. जे संकट गोऱ्या घरांवर चार वर्षं होतं, ते वाड्यामागच्या खोपटांत पिढ्यानपिढ्या मुक्कामाला होतं.

पुण्यात बसून ही दुसरी घरं जोतीराव फुल्यांनी पाहिली होती. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं तेव्हा त्यांनी ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण केलं. मुंबईच्या शेअरबाजाराने ज्या युद्धाकडे भाव म्हणून पाहिलं, त्याच्याकडे फुल्यांनी सुटका म्हणून पाहिलं. मला त्यांची नजर अधिक खरी वाटते.

पण ही सुटका मिळाली कशी, तेही पाहिलं पाहिजे. केंटकी हे गुलामगिरीचं राज्य होतं, पण ते संघराज्यातून फुटलं नव्हतं. त्यामुळे लिंकनचा १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा तिथे लागू नव्हता. १८६४ मध्ये तिथल्या काळ्या पुरुषांना सैन्यात घ्यायला सुरुवात झाली. भरती झालेला पुरुष स्वतंत्र होई, त्याची बायको आणि मुलं मात्र मालकाचीच राहत. नवरा गेल्याचा राग मालक त्यांच्यावर काढत. मग बायका पोरं काखोटीला मारून नवऱ्यांच्या मागोमाग कॅम्प नेल्सन या लष्करी तळावर येऊ लागल्या. तळाच्या कडेला त्यांनी झोपड्या घातल्या. नोव्हेंबर १८६४ च्या शेवटच्या आठवड्यात, कडाक्याच्या थंडीत, तळाच्या सेनापतीने सुमारे चारशे बायका-मुलांना गाड्यांत घालून बाहेर काढलं आणि त्यांच्या झोपड्या मोडून जाळून टाकल्या.

त्यांतल्या एका कुटुंबातल्या सैनिक बापाचं २६ नोव्हेंबरचं शपथेवरचं निवेदन उपलब्ध आहे. सात वर्षांचा त्याचा मुलगा दुखण्यातून उठत होता. सकाळी शिपाई गाडी घेऊन आला आणि सगळ्यांना बाहेर पडायला सांगू लागला. मुलगा आजारी आहे, या थंडीत तो मरेल, असं बापाने सांगितलं. नाही निघालात तर गोळ्या घालीन, असं उत्तर मिळालं. रात्री बाप कुटुंबाला शोधत सहा मैल चालत निकलसव्हिलला गेला. काळ्या लोकांच्या एका जुन्या प्रार्थनाघरात माणसं दाटीवाटीने बसली होती, सगळ्यांत मिळून एकच शेकोटी होती, आणि मुलगा वारलेला होता. त्याला रात्रीच तळावर परतावं लागलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चालत गेला, स्वतः खड्डा खणला, मुलाला पुरलं आणि नोकरीवर परत आला. बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे शंभर जण दगावले.

हा बाप ज्या सैन्यात होता, त्या सैन्यानेच त्याचं घर मोडलं. तरी तो पळाला नाही. जिथे पळून जाईल असं घरच त्याला नव्हतं. जिंकल्याशिवाय ते मिळणार नव्हतं. मका पिकवणाऱ्या गोऱ्या शिपायाची घराशी निष्ठा त्याला युद्धातून बाहेर ओढत होती, आणि काळ्या शिपायाची तीच निष्ठा त्याला युद्धात घट्ट धरून होती. १८६५ चा वसंत समजून घ्यायचा तर हे दोघं शेजारी उभे करावे लागतात.

कॅम्प नेल्सनच्या बातमीने उत्तरेत संताप उसळला आणि ३ मार्च १८६५ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने काळ्या सैनिकांच्या बायका-मुलांना मुक्त केलं. बरोबर दहा दिवसांनी, १३ मार्चला, मरणपंथाला लागलेल्या कॉन्फेडरसीनेही गुलामांना सैन्यात घ्यायचा कायदा केला. त्या कायद्यात त्यांच्या कुटुंबांच्या मुक्तीबद्दल अक्षर नव्हतं. राजधानी पडायला तीन आठवडे उरले असतानाही वाड्यामागच्या खोपटाला घर म्हणायची त्या राज्याची तयारी नव्हती. ज्याच्यासाठी हे युद्ध पेटवलं होतं ते कशाने झाकता येत नाही.

उपाशी गोऱ्या बायकांनी तरी ती खोपटी पाहिली का? त्यांच्या अर्जांत मळेवाल्यांवर भरपूर राग आहे. त्यांची मुलं घरी, त्यांची कोठारं भरलेली, हे त्या स्पष्ट लिहितात. पण गुलामांची भूक, त्यांची तुटलेली घरं यांविषयी त्यांत काही सापडत नाही. न्यायाची त्यांची मागणी मळ्याच्या कुंपणापाशी थांबली. म्हणून त्यांच्या भुकेचं मोल कमी होत नाही. दुःख खरं ठरायला माणूस निर्दोष असावा लागत नाही. पण त्यांच्या दुःखाच्या आडून त्यांच्या राज्याला मात्र पावन करून घेता येणार नाही.

नेमकं तेच पुढे केलं गेलं. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ने शाळेची पुस्तकं, स्मारकं आणि समारंभ यांतून एक बाई घडवली. ती स्वखुशीने सर्वस्व देते, कुरकुर करत नाही आणि राज्यावरची तिची श्रद्धा शेवटपर्यंत ढळत नाही. ‘गॉन विथ द विंड’ने तिला जगभर नेलं, आपल्याकडेही अनेकांना दक्षिणेचं घर माहीत आहे ते त्याच सिनेमातून. १९१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या राजधानीत, रॉली इथे, कॉन्फेडरसीच्या स्त्रियांचं ब्राँझचं स्मारक बसवलं. बाई मांडीवर पुस्तक घेऊन बसली आहे आणि शेजारी मुलाच्या हातात तलवार आहे. व्हान्सना लिहिलेली ती पत्रं त्याच शहरातल्या राज्याच्या दप्तरखान्यात आहेत. एका शहरात दोन बायका. एक मुलाला तलवार देते, दुसरी नवऱ्याला परत पाठवा म्हणते. २०२० मध्ये तो पुतळा हलवला, याचं मला वाईट वाटलं नाही. अर्ज करणाऱ्या बाईवर तो सर्वांत मोठा अन्याय होता.

स्वतंत्र झालेल्या माणसांची स्मारकं तेव्हा कोणी उभारली नाहीत. त्यांनी जाहिराती दिल्या. अमक्या साली तमक्या मालकाने विकलेली माझी आई, माझी दोन भावंडं कोणाला ठाऊक असतील तर कळवा. न्यू ऑर्लिन्सच्या एका चर्चच्या साप्ताहिकात १८७९ पासून अशा हरवलेल्यांच्या शोधाचं सदरच सुरू झालं. वर्गणीदार नसलेल्याला ५० सेंट पडत. पाळकांनी ते प्रवचनाच्या वेळी वाचून दाखवावं, अशी विनंती असे. विसावं शतक उजाडलं तरी जाहिराती येतच होत्या.

दोन्ही बाजूंच्या विधवांना पुढे पेन्शनसाठी अर्ज करावे लागले. दक्षिणेतल्या राज्यांनी कॉन्फेडरेट सैनिकांच्या विधवांना निवृत्तिवेतन दिलं, पण नवरा सैन्यातून पळाला नव्हता, हे सिद्ध करण्याच्या अटीवर. १८६५ च्या हिवाळ्यात पोरांना वाचवायला नवऱ्याला बोलावून घेतलेली बाई म्हातारपणी त्याच कारणाने अपात्र ठरली. काळ्या शिपायाच्या विधवेला केंद्र सरकारकडे वेगळाच पुरावा द्यावा लागे. आपण त्याची बायको होतो, हे. लग्नाचा कागद असणं शक्यच नव्हतं, म्हणून १८६४ आणि १८६६ च्या कायद्यांनी एकत्र राहिल्याचा पुरावा चालेल असं ठरवलं, आणि सरकारी तपासनीस गावोगाव जाऊन जुने शेजारी, सुईणी, सोबत विकले गेलेले लोक यांच्या जबान्या घेऊ लागले. लग्न कोणी लावलं, कोणत्या मळ्यावर, मुलं किती झाली, कोणतं कधी विकलं गेलं. प्रश्न अपमानास्पद होते, संशयाने विचारलेले होते. गुलामीतल्या कुटुंबांबद्दल आज जे काही तपशिलाने सांगता येतं, त्यातला मोठा भाग या जबान्यांमधूनच आला आहे.